पेन्शन नसलेल्या मेजरचा हिशोब

पत्र असं आहे:

“काका, मी इंदूरची. घर लोकमान्य नगरात, एमबीबीएस एमजीएममधून. शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेऊन आर्मी मेडिकल कोअरमध्ये लागले त्याला साडेचार वर्षं झाली, सहा महिन्यांपूर्वी मेजर झाले. वय ३१. सध्या ईशान्येत फील्डला आहे. पाच वर्षं संपताना बाहेर पडायचं की एक्स्टेन्शन घ्यायचं, ते लवकरच ऑफिसला लिहून द्यायचंय. परमनंट कमिशनसाठी अर्ज करता येईल असं सीनियर म्हणतात. पीजी राहिली आहे आणि तेच सगळ्यात जास्त टोचतं. नीट-पीजी दोनदा दिली, हवी ती ब्रँच मिळाली नाही. आता पैशाचं. डीएसओपीत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या प्रॉव्हिडंट फंडात, दरमहा ४०,००० जातात, १९ लाख जमले आहेत. वर्षाला दीड लाखाची एक पॉलिसी आहे, दहा वर्षं भरायची, दोन हप्ते गेलेत. इंदूरजवळच्या राऊच्या पुढे हजार फुटांचा प्लॉट २८ लाखांत मिळतोय, डीएसओपी काढ आणि घेऊन टाक, असं मामा रोज फोन करून सांगतात. बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळाचे पेन्शनर. आई ६६ची. मी आर्मीत आहे म्हणून दोघांचा मेडिक्लेम कधी काढलाच नाही. लग्नाचाही विषय घरात रोज निघतो, पण तो तुम्हाला विचारत नाही. काय करू?”

बेटा, लग्नाचं विचारलं नाहीस हे बरं केलंस, त्यातलं मला काही कळत नाही. बाकीच्याबद्दल मात्र मोकळेपणाने बोलतो. आधीच सांगून ठेवतो, मी स्वतः परमनंट कमिशनचा, आयुष्यभर याच कोअरमध्ये काढलेला आणि आता दर महिन्याला पेन्शन खाणारा माणूस आहे. माझा कल कुठे असणार ते धरून वाच.

तुझं सगळं पत्र वाचून एकच गोष्ट ठळक दिसली. तुझी नोकरी बिनपेन्शनची आहे आणि पैशाचे बेत मात्र पेन्शनवाल्याचे चाललेत. मेसमध्ये तुझ्या शेजारी जेवणारा परमनंट कमिशनचा मेजर आणि तू, दोघांच्या खांद्यावर तोच अशोकस्तंभ, महिन्याअखेर पगारही जवळपास तोच. म्हणून त्याने पॉलिसी घेतली की तू घेतेस, त्याने प्लॉट घेतला की तुझ्या मामांना प्लॉट आठवतो. पण त्याची वीस वर्षं झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन त्याला जन्मभर आहे. सैन्याला २००४ची नवी पेन्शन योजना लागू नाही, त्यामुळे ती जुनीच, सरकारी हमीची. तुझं तसं नाही. शॉर्ट सर्व्हिसचं गणित पाच अधिक पाच अधिक चार, एकूण चौदा वर्षांचं. चौदा पुरी केलीस तरी पेन्शन शून्य. मिळते ती ग्रॅच्युइटी, प्रत्येक पुऱ्या सहामाहीला अर्ध्या महिन्याचा पगार. पाच वर्षांवर निघालीस तर पाच महिन्यांचा पगार, चौदा वर्षांवर निघालीस तर चौदा महिन्यांचा. बस.

तेव्हा प्लॉट, पॉलिसी, सगळं बाजूला. आधी नोकरीचं ठरव. ते ठरलं की पैशाचं आपोआप सुटत जातं, उलट्या क्रमाने गेलीस तर अडकतं.

तुझ्यासमोर तीन रस्ते आहेत असं तू धरलंयस: परमनंट कमिशन, एक्स्टेन्शन, नाहीतर बाहेर. त्यातला मधला, म्हणजे ‘तूर्त एक्स्टेन्शन घेऊ, मग बघू’, हा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, आणि तोच सगळ्यात सोपा असल्यामुळे बहुतेक जण तोच घेतात. काही करावं लागत नाही, एका कागदावर सही केली की झालं. पगार चालू, कॅन्टीन चालू, खोली साफ करायला माणूस. वर एक आमिष आहे, ते तुला अजून कोणी दाखवलं नसेल तर मी दाखवतो. आपल्या कोअरमध्ये चौथ्या वर्षी मेजर होतात तसं अकराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होतात, त्याला सिलेक्शन बोर्ड लागत नाही. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सगळ्यात मोठी उडी याच पायरीवर आहे. मेजरचं बेसिक तोवर ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात पोचलेलं असतं, ते एकदम १,२१,२०० वर जातं. त्यावर २० टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता), वर १५,५०० एमएसपी (लष्करी सेवेचा भत्ता), आणि या सगळ्या बेरजेवर महागाई भत्ता. ही उडी दिसत असताना दहाव्या वर्षी कोण बाहेर पडेल? कोणी पडत नाही. मग चौदा वर्षं होतात.

त्या दिवशी तुझं वय साडेचाळीस असेल. हातात एमबीबीएस, अनुभव भरपूर, पण तो बाहेरच्या बाजारात सांगता न येणारा. तू बर्फात अडकलेला जवान खाली आणला असशील, एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, एकटीने चालवली असशील, पाचशे माणसांच्या मेडिकल कॅटेगरीची कागदपत्रं चोख ठेवली असशील. इंदूरच्या एखाद्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात मुलाखतीला बसलीस की समोरचा विचारणार, “मॅडम, पीजी किसमें है?” आणि तिथे बोलणं थांबणार. त्या वयात रेसिडेन्सी करता येत नाही असं नाही, कायद्याने वयाची अडचण नाही. पण पंचविशीतल्या मुलांबरोबर छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या, त्याही घरात तेव्हा लहान मूल असेल तर? पीजीशिवाय चौदा वर्षं पुरी करणं हा पर्याय म्हणूनच मी तुझ्यासाठी बाद धरतो. एक्स्टेन्शन घ्यायचंच असेल तर पुढच्या कशासाठी तरी घे, नुसतं घेऊ नको.

आता पहिला रस्ता, परमनंट कमिशन. खात्यातून मिळतं म्हणून त्याला डिपार्टमेंटल पीसी, थोडक्यात डीपीसी म्हणतात. त्याला वयाच्या आणि सेवेच्या वर्षांच्या मर्यादा आहेत, आणि संधी मोजक्याच मिळतात. सीनियर सांगतात ते नियम त्यांच्या वेळचे असतात. आज ऑफिसात जाऊन सध्याचं पत्रक माग, त्यातली तारीख डायरीत लिही आणि तुझ्या किती संधी उरल्यात ते क्लार्ककडून नाही, पत्रकावरून मोज. तू ३१ची आहेस, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायला तुझ्याकडे फार वेळा नाहीत.

पीसी मिळालं तर खरा फायदा पेन्शनचा वाटतो, पण तुझ्या बाबतीत त्याहून मोठा फायदा पीजीचा आहे. पुण्याचं एएफएमसी, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल आर अँड आर, लखनौ, कोलकाता, चंडीमंदिरची कमांड हॉस्पिटलं, मुंबईचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल, इथे नोकरीतल्या डॉक्टरांना पहिला प्राधान्यक्रम असतो. पूर्ण पगारावर एमडी किंवा एमएस होतं, फीचा प्रश्न नाही. बदल्यात पुढे ठराविक वर्षं सेवेचं बंधन लिहून द्यावं लागतं, ते वाजवी आहे. त्यानंतर ग्रेडेड स्पेशलिस्ट, मग बोर्ड होऊन क्लासिफाइड स्पेशलिस्ट. सुपरस्पेशालिटीचं दारही तिथूनच उघडतं. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ, त्यातही मुलांच्या किडनीविकारांच्या. एएफएमसीच्या डीन झाल्या, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, आणि निवृत्तीनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. एवढं सगळ्यांना जमत नाही, पण पाया स्पेशालिटीचा होता हे बघ.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लेफ्टनंट कर्नलपर्यंत काळ तुला वर नेतो, कर्नलपासून पुढे बोर्ड. तिथे एसीआर, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेले वार्षिक गोपनीय अहवाल, बोलतात. तू फील्डला आहेस, तिथला एसीआर वजनदार असतो. वर्षभरात काय केलंस त्याचा कागद स्वतः ठेव: किती कॅज्युअल्टी हाताळल्या, कोणतं ट्रेनिंग घेतलं, रक्तदान शिबिर, सगळं. आपली मुलं-मुली इथे भिडस्त. “काम बोलतं” म्हणून गप्प बसतात आणि मग एसीआर लिहिणारा इनिशिएटिंग ऑफिसर बदलून गेल्यावर हळहळतात. आणि वर गेलीस की डॉक्टरकी कमी होते, फायली वाढतात. कर्नल, ब्रिगेडियर झालेला सर्जन ऑपरेशन थिएटरपेक्षा कॉन्फरन्स रूममध्ये जास्त दिसतो. ज्याला हात चालू ठेवायचे असतात त्याला हे जड जातं. शिवाय प्रायव्हेट प्रॅक्टिस कायमची बंद, एनपीए त्याचाच मोबदला. इंदुरात स्वतःचं नाव झालेला ऑर्थोपेडिक किंवा रेडिओलॉजिस्ट कर्नलपेक्षा कितीतरी जास्त कमावतो, हे मान्य करून मग निर्णय घे.

आता राहिलेला रस्ता, पाच वर्षं पुरी करून बाहेर. इथे ‘पुरी करून’ या शब्दांवर बोट ठेवतो. यूपीएससीच्या नियमात पाच वर्षं सेवा पूर्ण करून बाहेर पडलेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला वयात पाच वर्षांपर्यंत सूट आहे. सरकारी डॉक्टरांच्या कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षेला एरवी ३२ची मर्यादा, केंद्रीय आरोग्य सेवेच्या जनरल ड्यूटी जागांना ३५ची, म्हणजे रेल्वे किंवा केंद्रीय आरोग्य सेवेचं दार तुला अजून काही वर्षं उघडं राहतं. चार वर्षं दहा महिन्यांवर कंटाळून राजीनाम्याची खटपट करणाऱ्याला ते मिळत नाही. माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजना २०१९ पासून शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही एकरकमी वर्गणी भरून खुली आहे, ती सुटताना विसरू नको. आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. सैन्याच्या मेडिकल कॉलेजांच्या पीजी प्रवेशात नोकरी संपवून बाहेर आलेल्या शॉर्ट सर्व्हिस डॉक्टरांसाठी वेगळा प्राधान्यक्रम असतो. सामान्य नागरिक डॉक्टरांच्या आधी त्यांचा नंबर. दोनदा ब्रँच हुकली म्हणतेस, तर ती कोणत्या रांगेत उभं राहून हुकली ते तपासून बघ.

यातला कोणता रस्ता, हे मी सांगितलं असतं, पण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात ही नोकरी तुला आवडते की नाही यावर एक ओळसुद्धा नाही. बदल्या, फील्ड, युनिफॉर्म, हुकूम, हे सगळं तुला मानवलंय का? मानवलं असेल तर डीपीसीचा अर्ज याच महिन्यात कर. निकाल यायच्या आत एक्स्टेन्शनचा कागद समोर आला तर त्यावर सही कर, कारण नोकरीत असलीस तरच पीसी मिळणार. मानवलं नसेल तर एक्स्टेन्शनला नकार लिहून दे, पाच वर्षं पुरी कर आणि पूर्णवेळ अभ्यासाला बस. मधेच सुटायचं म्हटलं तर ते परवानगीवर असतं, तुझ्या मनावर नाही, म्हणून ‘एक्स्टेन्शन घेते आणि सीट लागली की निघते’ असं गृहीत धरू नको. दोन्हीकडे नीट-पीजी मात्र आहेच. फील्डमधल्या संध्याकाळी लांब असतात, वीज आणि नेट असेल तेव्हा रोज दोन तास प्रश्नसंच सोडव.

आता पैसा. आधी तुझी पे स्लिप उघडू. पत्राला जोडली नाहीस, पण मेजर होताना नव्या पगाराचं फिक्सेशन नीट झालं असेल तर बेसिक ७१,५०० असायला हवं. एनपीए १४,३००, एमएसपी १५,५००. बेरीज १,०१,३००, त्यावर महागाई भत्ता. आकडा जुळत नसेल तर आधी पीसीडीएला, म्हणजे पगाराचा हिशोब बघणाऱ्या कार्यालयाला, लिहायला लाव. प्रमोशनच्या वेळचं फिक्सेशन चुकलं तर ते पुढच्या प्रत्येक महिन्यात चुकतं.

डीएसओपीला हात लावू नको. तुझ्या सगळ्या व्यवहारांत तो एकच शहाणा व्यवहार आहे. ७.१ टक्के व्याज, सरकारी हमी, आणि ४०,००० म्हणजे वर्षाला ४.८ लाख. वर्षाच्या पाच लाखांवरच्या जमेचं व्याज करपात्र होतं, त्याच्या आत तू आहेस. परमनंटवाल्यासाठी हा म्हातारपणाचा पैसा. तुझ्यासाठी हा सुटण्याचा पैसा आहे, रिलीज झालीस की सगळा हातात येतो. पाच वर्षांवर निघालीस असं धर: डीएसओपीचे एकवीस-बावीस लाख, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, ग्रुप इन्शुरन्सच्या बचतीचा परतावा. एकूण तीस लाखांच्या आगेमागे जातं. हा तुझा पीजीचा निधी. त्यावर दोन वर्षं घरी बसून अभ्यास होतो, तीन वर्षं स्टायपेंडमध्ये निभतं. खासगी कॉलेजात क्लिनिकल ब्रँच घ्यायची वेळ आली तर वर्षाची फी दहा लाखांच्या पुढे सहज जाते, तिथेही थोडा आधार होतो.

आणि मामांचा प्लॉट २८ लाखांचा. बघ, नेमके तेच पैसे.

इंदुरात ज्याने प्लॉट घेतला नाही त्याला लोक आजारी समजतात, हे मला ठाऊक आहे. राऊ-महू पट्ट्यात जमिनीचे भाव वाढलेत हेही खरं. पण मामांना एक विचार, रजिस्ट्री होणार की डायरी मिळणार? आपल्याकडची डायरी तू बघितली नसशील. खिशात मावेल एवढी छोटी वही, पहिल्या पानावर कॉलनीच्या नकाशाची झेरॉक्स चिकटवलेली, त्यावर बॉलपेनने तुझ्या प्लॉटभोवती गोल, खाली मिळालेल्या रकमा तारखेसह आणि कोणाची तरी आद्याक्षरं. शिक्का कधी असतो, कधी तोही नसतो. एवढ्यावर लोक पंधरा-वीस लाख देतात, आणि रजिस्ट्रीच्या आधी ती डायरी दोघातिघांच्या हातून फिरलेली असते. कायद्याने तुझ्याकडे काहीही नसतं. तेव्हा जमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे शेतीतून निवासी वापरात रूपांतर, झालंय का, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा मंजूर नकाशा आहे का, रेराचा नंबर काय, हे तीन कागद व्हॉट्सअ‍ॅपवर मागव. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठाहून जास्त प्लॉटांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागतेच, आणि नंबर मिळाला की मध्य प्रदेश रेराच्या साइटवर स्वतः तपास. तीनपैकी एक जरी ‘होऊन जाईल’ या सदरात असेल तर विषय संपला. आणि तिन्ही असले तरी नोकरीचा निर्णय होईपर्यंत माझं उत्तर नाहीच आहे. मामांना सांग, साहेबांनी फील्डमधून व्यवहार करायला मनाई केलीय. खोटं आहे, पण घरात शांतता राहील.

पॉलिसी तुला कोणी विकली असेल ते मी डोळे मिटून सांगतो. मेसच्या अँटीरूममध्ये कोणाच्या तरी ओळखीने आलेला एक नम्र माणूस, “मैडम, ये फौजी अफसरों के लिए स्पेशल है.” स्पेशल काही नसतं. दीड लाख गुणिले दहा, पंधरा लाख भरायचे, विम्याचं कवच त्याच आसपास, आणि अशा बचतीच्या पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो. तुझ्या डीएसओपीपेक्षा कमी. कर वाचतो म्हणून घेतली असशील तर नव्या करप्रणालीत ८०सी लागूच नाही. (जुनी की नवी हे मात्र यंदा दोन्हीकडून मांडून बघ. फील्डच्या काही भत्त्यांना जुन्या पद्धतीत सूट आहे, नव्यात नाही.) तिसरा हप्ता भरायच्या आधी कंपनीला ईमेल करून तीन आकडे लेखी माग: आज सरेंडर केली तर काय मिळेल, हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर काय मिळेल, आणि सगळे हप्ते भरले तर हमीची रक्कम किती. ‘अपेक्षित बोनस’चा आकडा वेगळ्या रकान्यात माग. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना पहिल्या वर्षानंतरही सरेंडरची काही रक्कम द्यावी लागते, त्यामुळे पॉलिसीवरची तारीख बघ. माझा अंदाज पेड-अपचा आहे, पण आकडे बघितल्याशिवाय करू नको. एजंटला फोन करायचा नाही. तो खूप गोड बोलेल.

स्वतःचा टर्म इन्शुरन्स आत्ता तातडीचा नाही. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं कवच आहे, आई-बाबा तुझ्या पगारावर जगत नाहीत. मात्र हे कवच नोकरीबरोबरच जातं, म्हणून बाहेर पडायचं ठरलं तर रिलीजच्या तीन-चार महिने आधी घे. अर्जात सैन्यातली नोकरी आणि फील्ड पोस्टिंग स्पष्ट लिही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढं स्वस्त पडेल.

आई-बाबांचं मात्र तातडीचं आहे. तुझ्या पत्रातली मला खरी काळजीची ओळ तीच वाटली. ‘मी आर्मीत आहे म्हणून निर्धास्त’ हा गैरसमज घरोघरी आहे. महूचं मिलिटरी हॉस्पिटल जवळ असलं तरी आई-वडील तुझे आश्रित ठरण्यासाठी त्यांचं मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता, एवढ्याच्या आत असावं लागतं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन त्यात बसणार नाही. बाबा सत्तरीच्या वर आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. आधार घेऊन जायचं, अर्ध्या तासाचं काम, मामांना हे काम सांग, त्यांचाही वेळ जाईल. आईला ते अजून चार वर्षं मिळत नाही, तिच्यासाठी वेगळी पॉलिसी घे. तिला बीपी-शुगर असेल तर लपवू नको, जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं, पण तीन वर्षांहून जास्त नाही. आज काढलीस तर ती सत्तरीची होईपर्यंत ते केव्हाच संपलेलं असेल.

एवढं करून दरमहा काही उरत असेल तर आत्ता फक्त बँकेत किंवा लिक्विड फंडात ठेव. सहा महिन्यांचा खर्च, त्यावर आई-बाबांच्या आजारपणासाठी दोन लाख. इंडेक्स फंड, एसआयपी, घर, हे पीसी मिळालं तर मोठ्या प्रमाणावर करायचे विषय आहेत. तेव्हा वीस वर्षं हातात असतील आणि पाठीशी पेन्शन. मग राऊच्या पुढेच काय, महूतही घे.

कंपनीचे तीन आकडे आले की मला पाठव, सोबत पॉलिसी घेताना दिलेलं बेनिफिट इलस्ट्रेशनचं पान आणि ताजी पे स्लिप जोड. आणि डीपीसीच्या पत्रकातली शेवटची तारीख त्याच मेलमध्ये लिही.